आंबट हरवलेलं घर

खाडीकाठच्या एका गावात मथुराबाई नावाची एक सुगरण राहत होती. सुगरण म्हणजे अशी, की तिनं नुसतं पाणी उकळलं तरी शेजारणीनं वास घेत कुंपणाशी यावं. लग्न असो, बारसं असो, गावजेवण असो, मोठ्या टोपाशी पळी धरायला मथुराबाईच लागायची. तिच्या हाताला चव होती, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिथंच सगळं घोडं पेंड खात होतं.

घर तसं खाऊनपिऊन सुखी. नवरा मागेच वारला होता, पण मुलगा सदानंद खाडीवर होडी हाकायचा. नुकतीच सून आली होती, शेवंती. पोर गुणी, हसरी, आणि सासूच्या हातचं बोटं चाटून खाणारी. एवढ्यानंच तिनं सासूला जिंकलं होतं. परसात नारळ होते, पोफळी होत्या, केळी होत्या, शेवगा होता. नव्हता तो एक आंबाडा.

आता आंबाडा ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांगायला हवं. सुपारीहून मोठं, कोंबडीच्या अंड्याहून लहान असं ते हिरवं फळ. कच्चं चावाल तर दात आंबतील आणि डोळे मिटतील. पण गूळ, मिरची आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण लावून शिजवा, म्हणजे ताटात दुसरं काही असल्याचं भान राहत नाही. चिंच आहे, कोकम आहे, पण आंबाड्याच्या आंबटाला जो वास आहे तो त्या बिचाऱ्यांना नाही. अशा फळासाठी एवढ्या मोठ्या सुगरणीला दर श्रावणात दुसऱ्याच्या परसात पदर पसरावा लागायचा. मथुराबाईला ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी एका वर्षी तिनं ठरवलं, की आपल्या दारी आंबाडा लावायचाच. आणि लावायचा तर असातसा नाही. आंबाडे सतरा जातींचे. कुणाचा दिसायला गोंडस, पण आत नुसत्या रेषा, चघळाल तर काथ्या चघळल्यासारखं. कुणाचा गुळमट, पोरासोरांनी खायचा, टोपात पडला की विरघळून नाहीसा. कुणाचा आंबट खरा, पण घशाला ओरखडे काढणारा. मथुराबाई घरोघर फिरली. प्रत्येकीच्या झाडाचं फळ तिनं त्याच घरच्या चुलीवर शिजवायला लावलं, चाखलं, आणि नाक मुरडून घरी आली. बाया मागून म्हणायच्या, “अगो, झाड शोधत्ये का सून शोधत्ये?”

सगळ्यांत शेवटी ती बायजाकाकीच्या परसात गेली. बायजाकाकी गावची सुईण. निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं. तिच्या घरामागे एक जुनाट आंबाडा होता, बुंधा भरभक्कम, साल राखाडी. त्याचं फळ मथुराबाईनं जिभेवर ठेवलं मात्र, आणि तिच्या अंगावर काटा आला. गर जाड, रेषा कमी, कोय लहान. आणि आंबट असं, की मेलेल्या माणसाच्याही तोंडाला पाणी सुटावं. “काकी, हाच. मला ह्याचीच फांदी दे,” ती म्हणाली.

बायजाकाकी लगेच हो म्हणाली नाही. तिनं झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. मग म्हणाली, “फांदी देईन गो. पण हे झाड डोहाळकरणीचं. माझ्या आजेसासूनं तसा शब्द देऊन लावलंय. दर वर्षी पहिली फळं धरली की घरच्या टोपात घालायची नाहीत. जी पहिली डोहाळकरीण दाराशी येऊन मागेल, तिच्या हातावर ठेवायची. कुठली, कुणाची, काही विचारायचं नाही. मग घरची चूल. पाळशील?”

“एवढंच ना?” मथुराबाई म्हणाली. तिचं लक्ष फांदीकडे होतं.

वैशाखात झाड निष्पर्ण उभं असताना बायजाकाकीनं मनगटाएवढी जाड फांदी तोडून दिली. मथुराबाईनं ती सावलीत ठेवून तिचा चीक वाळू दिला. कापलेल्या तोंडाला शेण लिंपलं. विहिरीपासून आणि घरापासून लांब, भरपूर ऊन मिळेल अशा जागी, बेड्याच्या आतल्या बाजूला खड्डा केला. बेडं म्हणजे कुंपणाच्या वाटेवरचे आडवे बांबू, येणाऱ्यानं सरकवायचे आणि जाणाऱ्यानं लावायचे. घराजवळ लावला नाही, कारण आंबाड्याचं लाकूड ठिसूळ, वादळात फांदी कौलावर यायची. पाणीही बेतानंच घातलं, जास्त झालं तर फांदी कुजते. पाऊस आला तशी ती उघडीबोडकी काठी तरारली. डोळे फुटले, पानं आली. शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून मथुराबाईनं भोवती काटेरी फांद्या बांधल्या. पोटच्या पोरासारखं वाढवलं तिनं ते झाड, खोटं कशाला बोला.

काही पावसाळे गेले. झाड घराच्या उंचीचं झालं आणि एका वर्षी चैत्रात नुसत्या काटक्यांवर मोहोर आला. त्याच सुमारास शेवंतीलाही दिवस गेले. मथुराबाईच्या आनंदाला पारावार राहिला नाही. एकाच वर्षी झाडाला पहिलं फळ आणि घराला पहिलं नातवंड! ती शेवंतीला जागेवरून हलू देईना. आणि शेवंतीला डोहाळे लागले तेही आंबटाचेच. “आई, आपले आंबाडे कधी हो व्हायचे?” असं ती रोज विचारायची. इतर काही तिला जायचं नाही. भाताचा वास आला तरी उलटी. घास दोन घास चिंचेच्या आमटीबरोबर पोटात राहायचा तेवढाच.

बायजाकाकीला दिलेला शब्द मथुराबाई विसरली नव्हती. पण माणसाचं मन मोठं वकील असतं बरं का. तिनं मनाशी म्हटलं, डोहाळकरीण तर माझ्याच घरात आहे. मग दाराकडे कशाला बघायचं? पहिली फळं शेवंतीला दिली की शब्द पुरा झाला. झाडही खूश, सूनही खूश. मात्र दुसरी कुणी यायच्या आत आंबाडे उतरवलेले बरे, एवढं तिला मनातल्या मनात वाटत होतं. शब्द खरोखर पुरा होत असता तर ही घाई कशाला लागली असती?

श्रावणातली दुपार होती. सकाळपासून पाऊस नव्हता, ऊन असं पडलं होतं की डोळे दिपावेत. सदानंद होडीवर गेला होता, शेवंती ओटीवर पडली होती. मथुराबाईनं फळं ओढायची बांबूची आकडी घेतली आणि खालच्या फांदीवरचे आंबाडे ओढून टोपलीत घालायला लागली. एकाएकी पोफळीतले पक्षी गप्प झाले. तिनं मान वळवली. बेड्याच्या पलीकडे एक बाई उभी होती.

बाई तरुण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पदर डोक्यावरून खाली ओढलेला, तोंड नीट दिसत नव्हतं. लुगडं ओलंगच्च, त्यातून पाणी ठिबकत होतं आणि खाडीचा खारट वास येत होता. एक हात तिनं बांबूवर ठेवला होता.

“वयनी, एक आंबाडा द्या. तोंडाला चव नाही माझ्या,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

मथुराबाई दचकली. मग तिला राग आला. आपण चोरी करताना सापडलो की येतो ना, तसला राग. “कुणाची गो तू? ह्या गावची तर दिसत नाहीस,” ती म्हणाली.

बाईच्या लुगड्यातून पाणी ठिबकतच राहिलं.

“ही पहिली फळं माझ्या सुनेची. तिला डोहाळे लागलेत. ऋषीपंचमी झाली की ये, मग देईन ओटीभर.” एवढं बोलून मथुराबाईनं टोपली पदराखाली घेतली.

बाईनं मान हलवली. “बरं,” ती म्हणाली. “मग माझ्या तोंडची बेचव इथंच ठेवून जाते.” आणि ती वळली. पोफळींच्या सावलीत गेली ती पलीकडच्या उन्हात काही निघाली नाही. मथुराबाई बेड्यापाशी जाऊन बघते तर वाटेवर कुणी नव्हतं. बांबूवर मात्र ओल्या हाताचा पंजा उमटला होता. कडक उन्हात तो वाळायला हवा होता. संध्याकाळी बघितला तरी तसाच ओला.

“कुठली कोण वेडी,” मथुराबाई स्वतःशीच म्हणाली, आणि चुलीकडे गेली.

त्या दिवशी तिनं असं रायतं केलं, की आयुष्यात केलं नव्हतं. आंबाडे उकडले, गूळ घातला, मोहरी फेसली, मिरची भाजून चुरली, खोबरं वाटलं. शेवंती पाटावर बसून वाटच बघत होती. तिनं बोट बुडवून तोंडात घातलं. पुन्हा एकदा बोट बुडवून चाखलं. मग हळूच म्हणाली, “आई, ह्यात आंबाडा घातलाय ना?”

मथुराबाईनं चाखून बघितलं. गूळ गोड लागला, मिरची झोंबली, मोहरी नाकात गेली. आंबट कुठंच नव्हतं. तिनं टोपलीतला कच्चा आंबाडा कचकन चावला. दात आंबले नाहीत, डोळे मिटले नाहीत. ओलं लाकूड चावावं तसं लागलं. “म्हातारीनं फसवलं मला. भलत्याच झाडाची फांदी गळ्यात मारली,” ती कडाडली. रागारागानं उठली, बरणीतली चिंच काढली, कोळली आणि शेवंतीसाठी आमटी टाकली. आमटीही सपक झाली. चिंच चोखून बघितली, तर नुसती साल चोखल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी कोकमाची कढी केली. रंग लालबुंद उतरला, चव पाण्याची. दुधाला विरजण लावलं, दूध तसंच राहिलं, दही लागेना. लिंबू चिरलं, पिळलं, त्यातूनही पाणीच निघालं. देवाची तांब्याची भांडी चिंच लावून घासायला घेतली, हात दुखेपर्यंत घासली. चिंचेनं तांबं उजळेना. भांडी काळीच राहिली. आता मात्र मथुराबाई भांडी टाकून खाली बसली. झाडाचा दोष असता तर आंबाडे बिघडले असते. घरातल्या सगळ्या आंबटाला काय झालं?

शेजारची राधाक्का चिंचेचा गोळा घेऊन आली. “काहीतरीच तुझं! ही बघ, कालची चिंच, माझ्या घरी सगळ्यांनी डोळे मिटून खाल्लीय,” असं म्हणत तिनं बेड्याशीच एक बुटूक तोंडात टाकलं. चेहरा आक्रसला, ओठ मुडपले. ती तशीच बेड्याच्या आत आली, आणि तिचा चेहरा सैल पडला. तिनं जीभ तोंडात फिरवली. मथुराबाईकडे बघितलं. मागं सरली, बेड्याबाहेर पाऊल टाकलं, तोंड परत आक्रसलं. राधाक्कानं हातातला गोळा तिथंच टाकला आणि ती जी पळाली, ती पुन्हा त्या घरात म्हणून आली नाही.

सदानंदनं शेवंतीला होडीत घालून माहेरी नेलं. तिच्या आईनं लोणचं दिलं, ताक दिलं, सगळं आंबट जे जे म्हणून होतं ते पुढं केलं. माहेरची माणसं ते खाऊन जिभा टाळ्याला लावायची, आणि शेवंतीला मात्र काही म्हणजे काही लागायचं नाही. बेचव तिच्याबरोबर तिथंही गेली होती. मुलगी सासरी आली ती अर्धी होऊन. अन्न पोटात ठरेना. गाल आत गेले, पोट तेवढं मोठं. वैद्यानं काढे दिले. काढेही बाहेर पडले. बायजाकाकीनं पोटावर हात ठेवून बघितलं. “हिचा जीव आंबटावर अडलाय. ते मिळालं नाही, तर आई जायची आणि मूलही जायचं,” एवढंच ती म्हणाली.

आणि आता दुपार झाली की ती बाई दिसायला लागली. रोज. ऊन डोक्यावर आलं, पक्षी गप्प झाले, की बेड्याबाहेर पाठमोरी उभी. मागायची नाही, बोलायची नाही, वळून बघायची नाही. अंगावरचं लुगडं तसंच ओलं, खाली पाण्याचं डबकं. सदानंदला दिसत नव्हती, शेवंतीला दिसत नव्हती. दिसायची ती एकट्या मथुराबाईला. चुलीपुढे बसलं तरी पाठीला कळायचं, की ती आली.

मथुराबाई कुणाला घाबरणारी बाई नव्हती, पण सुनेसाठी ती घाबरली. तिनं झाडावरचे हाताला येतील तेवढे आंबाडे उतरवले, सुपात घातले, आणि भर दुपारी नेऊन त्या बाईच्या पायांशी ठेवले. हात जोडले. “घे गो बाय. सगळे घे. पण माझ्या पोरीला सोड,” ती म्हणाली. बाई वळलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सूप तिथंच, आंबाडे सुरकुतलेले, त्यांवर मुंगीसुद्धा नव्हती.

तेव्हा ती रडत बायजाकाकीकडे गेली आणि झालेलं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली, “सूपभर दिलंस म्हणत्येस. काय दिलंस? तुझ्या घरात कुणी खात नाही ते लाकूड. आपल्याला नको झालेलं दुसऱ्याच्या ओटीत टाकलं तर त्याला देणं म्हणतात काय गो मथुरे?”

“मग काय देऊ? घरात चव असलेलं काही उरलंय कुठं?”

“ते मला ठाऊक नाही,” बायजाकाकी म्हणाली. “मी बाळंतपणं करत्ये. तुझं हे ओझं तुलाच उतरवायला लागणार.”

दिवाळी गेली. त्या घरात पणती लागली, पण फराळ झाला नाही. मार्गशीर्षात झाडाची पानं पिवळी पडून गळायला लागली. आंबाड्याचं झाड पान टाकतं तेव्हा अगदी मेल्यासारखं दिसतं. शेवंती आता उठत नव्हती. डोळे मिटून ओटीवर पडून असायची, आणि मधूनच जिभेनं ओठ चाटायची. मथुराबाई तिच्या उशाशी बसून राहायची. गावात लग्नं निघाली, बोलावणी आली, ती कुठंच गेली नाही. ज्या हातांना चव होती, ते हात मांडीवर घेऊन बसायची नुसती.

एक दिवस दुपारी ती झाडाखाली पाला गोळा करत होती. सहज वर बघितलं. सगळ्या उघड्या फांद्यांमध्ये, अगदी शेंड्याला, एक आंबाडा लटकत होता. पिकून पिवळा झालेला. इतके दिवस तो कसा दिसला नव्हता कोण जाणे. तिनं आकडीला दुसरा बांबू बांधला, फांदी हलवली. फळ खाली पाल्यावर पडलं, तरी पाल्याचा आवाज झाला नाही. तिनं उचललं, नखानं जराशी साल काढली, आणि तिच्या नाकात तो वास भिनला. जिभेचं टोक लावलं मात्र, तोंडाला असं पाणी सुटलं की डोळ्यांतूनही पाणी आलं. आंबट होता! सगळ्या घरातलं हरवलेलं आंबट जणू त्या एकाच फळात जाऊन बसलं होतं.

“शेवंती! अगो शेवंती!” ती ओरडत घराकडे धावली.

ओटीच्या पायरीशी ती बाई उभी होती. आज बेड्याच्या आत. आज तोंड समोर.

मथुराबाईला वाटलं होतं, ते तोंड काहीतरी भयंकर असेल. तसं काही नव्हतं. वीस-बाविशीची पोर होती ती. गाल आत गेलेले, ओठ फुटलेले, डोळे मोठेच्या मोठे. शेवंतीसारखेच उपाशी डोळे. ओल्या लुगड्याआड पोटातलं मूल हललं, ते मथुराबाईनं स्पष्ट बघितलं. बाईनं हात पुढं केला. बोलायची गरज नव्हती.

आतून शेवंतीचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी. “आई... वास येतोय. आंबाड्याचा वास. आणा ना हो लवकर.”

मथुराबाईनं ओटीकडे पाऊल उचललं. असं वाटलं, की बाईला ढकलून आत धावावं. पायरी काय ती, तीन ढांगांत शेवंती. तिनं मनात म्हटलं, अर्धा हिला, अर्धा शेवंतीला. पायरीवरचा कोयता उचलून आंबाड्यावर घातला. पण नखानं सोललेला तो आंबाडा कोयत्याखाली दगड झाला. कोयता निसटला, फळावर नुसता ओरखडा उठला. दुसऱ्यांदा घातला, तोच ओरखडा. देवानं जणू ठरवलं होतं, की मथुराबाईला पळवाट म्हणून ठेवायची नाही.

तिनं पुन्हा त्या पोरीकडे बघितलं. ही कुठल्या घरची, कधी उपाशी गेली, कुणाच्या दारातून अशीच परत फिरली असेल? हिचीही कुणी सासू असेल, आई असेल. तीही अशीच उशाशी बसली असेल. ह्या पोरीनं माझं वाटोळं केलं म्हणून इतके दिवस ती तिला शिव्या देत होती. आणि पोर काय मागत होती? एक फळ. एका गरोदर बाईनं एक फळ मागितलं होतं, आणि आपण विचारलं होतं, कुणाची गो तू.

“आई...” आतून पुन्हा आवाज आला.

मथुराबाई हुंदका देऊन रडली. “शेवंती, क्षमा कर गो मला,” ती म्हणाली, आणि तिनं तो आंबाडा त्या ओल्या हातावर ठेवला. नुसता ठेवला नाही, तिची बोटं त्यावर मिटवली. “खा बाय. माझ्या समोर खा. उशीर झाला मला.”

बाई तिथंच पायरीवर बसली. दोन्ही हातांनी धरून तिनं फळ चावलं. कचकन आवाज आला. तिनं डोळे मिटले, ओठ आक्रसले, आणि जीभ टाळ्याला लागून टॉक असा आवाज झाला. रस तिच्या हनुवटीवरून ओघळला. आणि त्याच क्षणी, आत ओटीवर, तोंडात काहीही नसताना, शेवंती ओरडली, “आई गं! केवढा आंबट!”

मथुराबाई धावत आत गेली. शेवंती उठून बसली होती. तोंड वेडंवाकडं, डोळे घट्ट मिटलेले, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती हसत होती. “आई, भूक लागली हो,” ती म्हणाली. “भात आहे का?”

मथुराबाईनं वळून बघितलं. पायरी रिकामी होती. कोरडी होती.

तात्पर्य: मागणारीचा घास अडवून आपल्या माणसाचं पोट भरत नाही, आणि आपल्याला नको ते पुढं करणं म्हणजे देणं नव्हे, आपल्या पोटाला चिमटा घेऊन दिलेला घासच आपल्या घरात चव घेऊन येतो.